श्वासाचा राखणदार : मुख आणि चेहरा यांवरील शस्त्रक्रियेतील भूल

दात काढणे, हिरडीवरील गळवाला चीर देणे किंवा मोडलेला जबडा तारेने बांधून सांधणे या गोष्टी सर्वसामान्य माणसाच्या दृष्टीने किरकोळ होत. पोटावरची किंवा छातीवरची शस्त्रक्रिया म्हटली की घरातील मंडळी चिंतेत पडतात, रजा काढतात, दूरच्या नातलगांना कळवतात. परंतु दाताचेच तर काम आहे, असे म्हणून रुग्णाला एकट्याने पाठवून देण्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. शस्त्राच्या दृष्टीने ही समजूत पुष्कळदा बरोबरही असते. तथापि भुलेच्या दृष्टीने पाहिले, तर हा हिशेब उलटा होतो. पायाच्या हाडावरील मोठी शस्त्रक्रिया आणि तोंडाच्या तळाशी झालेल्या गळवाला दिलेली इंचभर चीर, या दोहोंत भूल देणाऱ्याची झोप उडविणारी शस्त्रक्रिया बहुधा दुसरीच असते. कारण पाय श्वासाच्या वाटेवर नाही. तोंड मात्र त्या वाटेचे दारच आहे.

या विषयात एक मत आग्रहाने मांडणे आवश्यक आहे. मुख व चेहरा यांवरील शस्त्रक्रियेत ज्याच्या हाती शस्त्र आहे, त्याच्याच हाती रुग्णाची शुद्ध आणि श्वास एकाच वेळी सोपवू नयेत. पूर्ण भूल द्यावयाची असेल, तर श्वासाकडे पाहणारा स्वतंत्र व शिकलेला माणूस तेथे असलाच पाहिजे. तो मिळत नसेल, तर रुग्णाला जागे ठेवून, केवळ ती जागा बधिर करून जेवढे काम सुखरूपपणे होईल तेवढेच करावे आणि उरलेले काम तो माणूस जेथे असेल तेथे न्यावे. याच मताचा दुसरा भाग असा की, भुलेची सुरुवात औषधाने नव्हे, तर रुग्णाशी केलेल्या बोलण्याने व्हावी.

एक वाट आणि दोघांचे काम

जागेपणी मनुष्याची जीभ, टाळूचा मागचा मऊ भाग आणि घशाचे स्नायू सदैव थोडे ताणलेले असतात. हा ताण माणसाच्या ध्यानातही येत नाही. पण त्याच्याच जोरावर श्वासाची वाट उघडी राहते. पाण्याचा एक थेंब जरी चुकून श्वासनलिकेकडे गेला, तरी जोराचा ठसका लागतो आणि तो थेंब बाहेर फेकला जातो. पूर्ण भूल दिली की हे दोन्ही पहारेकरी झोपी जातात. स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि घशाचा मार्ग बुजू लागतो. ठसका लागत नाही; त्यामुळे रक्त, लाळ, पू किंवा दाताचा तुटलेला तुकडा बिनबोभाट फुप्फुसाच्या दिशेने जाऊ शकतो.

हे धोके कोणत्याही शस्त्रक्रियेतील भुलेत असतातच. परंतु पोटावरील शस्त्रक्रियेत भूल देणारा रुग्णाच्या डोक्याशी उभा असतो. चेहरा, ओठांचा रंग आणि श्वासाची नळी ही सर्व त्याच्या हाताशी असतात. मुखशस्त्रक्रियेत ती जागा शस्त्रवैद्याला द्यावी लागते. चेहऱ्यावर निर्जंतुक कापड पांघरलेले असते, तोंडात साधने असतात, आणि रक्त वाहत असते ते नेमके श्वासाच्याच वाटेवर. अशा ठिकाणी शस्त्रवैद्य आणि भूलतज्ज्ञ यांनी एकमेकांचे मन जाणून काम करावे लागते; नळी कोठून घालावयाची, ती कशी बांधावयाची आणि काही बिनसल्यास कोणी मागे सरावयाचे, हे आधीच ठरवावे लागते. दोन माणसांच्या एकमताची जेथे एवढी गरज आहे, तेथे दोघांचे काम एकानेच उरकावे, असे म्हणणे कितपत सयुक्तिक आहे, याचा वाचकांनीच विचार करावा.

वेदनेशी झुंज

भारतीय शल्यशास्त्राला या भेदाची चाहूल फार पूर्वी लागली होती, असे दिसते. शस्त्रकर्मापूर्वी रुग्णास जेवू घालावे आणि मद्याची सवय असलेल्यास तीक्ष्ण मद्य द्यावे, म्हणजे त्याला शस्त्राची वेदना जाणवणार नाही, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. मात्र त्याच ग्रंथात काही अपवाद केलेले आहेत. मूढगर्भ, उदर, मूळव्याध, मूतखडा व भगंदर यांच्याबरोबर मुखरोगांतही शस्त्रकर्म उपाशीपोटी करावे, अशी आज्ञा तेथे आहे. आजची कारणमीमांसा प्राचीनांच्या तोंडी घालण्याचे कारण नाही. परंतु मुखाचे शस्त्रकर्म इतर शस्त्रकर्मांहून निराळे आहे, हे निरीक्षण त्यांनी नोंदवून ठेवले, एवढे निश्चित.

या परंपरेचा एक धागा पुण्यापर्यंत येऊन पोहोचतो. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका शस्त्रक्रियेची हकीकत छापून आली. इंग्रज सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक इसम टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला होता. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. ही हकीकत वाचून युरोपातील शस्त्रवैद्य चकित झाले, आणि लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने १८१४ साली तशी शस्त्रक्रिया करून पाहिली. हात कुशल होते, युक्ती अपूर्व होती. पण त्या काळी पुण्यातही आणि लंडनमध्येही रुग्णाला दातावर दात आवळून पडून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्या वेदनेतून सुटका झाली ती प्रथम दाताच्याच निमित्ताने. १० डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी गार्डनर कोल्टन याने नायट्रस ऑक्साइड अथवा हास्यवायू याचे खेळ करून दाखविले. त्या धुंदीत एका माणसाच्या पायाला जखम झाली, तरी त्याला ती कळली नाही. हे होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याच्या नजरेने टिपले. दुसऱ्याच दिवशी त्याने तो वायू स्वतः हुंगला आणि जॉन रिग्ज या सहकाऱ्याकडून आपलाच एक दात काढून घेतला. पुढे बॉस्टन येथील जाहीर प्रयोगात रुग्ण ओरडला आणि वेल्सची फजिती झाली. परंतु १६ ऑक्टोबर १८४६ रोजी त्याच बॉस्टनमधील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने ईथर देऊन दाखविले. जॉन वॉरन या शस्त्रवैद्याने रुग्णाच्या जबड्याखालील गाठीवर शस्त्र चालविले आणि रुग्ण शांत राहिला. भुलेचा जन्म दाताच्या खुर्चीजवळ झाला आणि तिची पहिली प्रसिद्ध कसोटी जबड्याखालीच लागली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

हैदराबादचा धडा

वेदना गेली, पण तिच्या जागी नवे भय आले. १८४७ च्या नोव्हेंबरात एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन याने क्लोरोफॉर्म प्रचारात आणले आणि जानेवारी १८४८ मध्येच हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी त्या भुलेत दगावली. तिच्यावरील शस्त्रक्रिया होती पायाच्या बोटाचे नख काढण्याची. शस्त्रक्रिया लहान, म्हणून भूलही लहान, हा समज त्या दिवशीच खोटा ठरला होता.

क्लोरोफॉर्मने मृत्यू येतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, या प्रश्नावर पुढे मोठा वाद माजला. त्या वादात आपल्या देशाचेही नाव आले. हैदराबाद येथील एडवर्ड लॉरी याच्या पुढाकाराने आणि निजामाच्या द्रव्यसाहाय्याने १८८८ व १८८९ साली दोन चौकशी समित्या बसल्या. प्राण्यांवर शेकडो प्रयोग झाले आणि निष्कर्ष निघाला की, आधी श्वास थांबतो. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीकडे नव्हे, तर श्वासाकडे लक्ष द्यावे. हा निष्कर्ष अर्धा खरा होता. अपुऱ्या भुलेतही क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो, हे गुडमन लेव्ही याने १९११ साली दाखवून दिले.

आज क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून गेले आहे. परंतु त्या वादाचा धडा शिळा झालेला नाही. श्वास की नाडी, हा प्रश्नच चुकीचा होता. दोहोंकडे पाहिले पाहिजे, आणि क्षणोक्षणी पाहिले पाहिजे. जो माणूस अक्कलदाढेचे मूळ फोडून काढण्यात गुंतला आहे, त्याच्याने ते होणे नाही. तो अकुशल आहे असा याचा अर्थ नव्हे. उलट, जो जितका कुशल, तितका तो आपल्या कामात गढून जातो.

सिडकप येथील नळी

चेहऱ्यावरील शस्त्रक्रियेने भूलशास्त्राला काय दिले, हे पाहू गेले तर आणखी एक प्रकरण डोळ्यांसमोर येते. जिभेच्या बुडाशी झालेल्या गाठीवर शस्त्रक्रिया करताना रक्त श्वासनलिकेत जाऊ नये, म्हणून ग्लासगोच्या विल्यम मॅकईवन याने १८७८ साली रुग्ण जागा असतानाच तोंडावाटे श्वासनलिकेत नळी घातली आणि तिच्यातून क्लोरोफॉर्म दिले. कल्पना उत्तम होती. पण ती रुळण्यास एक महायुद्ध व्हावे लागले.

पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे गोळ्यांनी व स्फोटांनी छिन्नविच्छिन्न झाले. इंग्लंडमधील सिडकप येथे १९१७ साली अशा रुग्णांसाठी क्वीन्स हॉस्पिटल उघडले आणि हॅरल्ड गिलिझ याने तेथे चेहरे पुन्हा घडविण्याचे काम हाती घेतले. ज्याला नाक किंवा जबडा उरलेला नाही, त्याच्या तोंडावर भुलेचा मुखवटा बसवावयाचा तरी कसा? आणि बसविलाच, तर शस्त्र कोठे चालवावयाचे? रुग्णाने सोडलेल्या श्वासातील ईथर त्याच्या तोंडावर ओणवे झालेल्या शस्त्रवैद्याच्याच नाकात जाई. युद्ध संपल्यावर तेथे काम करणाऱ्या आयव्हन मॅगिल आणि स्टॅन्ली रोबॉटम या भूलतज्ज्ञांनी यावर उपाय काढला. श्वासनलिकेत रबराची एकच रुंद नळी घालून तिच्यावाटे श्वास आत-बाहेर होऊ द्यावयाचा, आणि तोंड मोकळे हवे असेल तर ती नाकावाटे न्यावयाची, ही रीत त्यांनी सिद्ध केली. मॅगिलच्या नावाचा वाकडा चिमटा आजही जगभर वापरला जातो. पोटाच्या, छातीच्या व मेंदूच्या शस्त्रक्रियांना आज ज्या नळीचा आधार आहे, ती अशी विद्रूप चेहऱ्यांच्या सेवेतून सार्वत्रिक झाली.

त्यानंतरही हा विषय वाढतच राहिला. तोंड उघडत नाही अशा रुग्णाच्या नाकावाटे, बारीक काचतंतूंच्या दुर्बिणीतून पाहत नळी सरकविण्याची युक्ती १९६७ साली पीटर मर्फी याने वर्णन केली. जबडा मोडलेल्या रुग्णात वरचे व खालचे दात एकमेकांवर बरोबर बसवून पाहावे लागतात, म्हणून तोंडावाटे नळी चालत नाही. कवटीचा तळ फुटलेला असेल तर नाकावाटेही ती धोक्याची. अशा वेळी हनुवटीखालून लहान छेद घेऊन नळी बाहेर काढण्याचा मार्ग १९८६ साली स्पेनमधील एर्नांडेझ अल्टेमिर याने दाखविला. ज्या देशात तंबाखू आणि सुपारी यांच्या सवयीने तोंडाचे अस्तर ताठरून अनेकांना धड घासही घेता येत नाही आणि मुखाच्या कर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात, त्या भारताला या युक्त्यांचे मोल अधिक आहे. रुग्णाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे एकावर एक उभी मावतात की नाही, ही साधी कसोटी भूल देण्यापूर्वी प्रत्येकाने पाहावी. ती न पाहता झोपेचे औषध टोचणे म्हणजे पलीकडे किल्ली आहे की नाही, हे न पाहता दार ओढून घेणे होय.

पूर्वौषधी आणि पूर्वभेट

भूल देण्यापूर्वी रुग्णाला जी औषधे देतात, त्यांना पूर्वौषधी म्हणता येईल. त्यांचे हेतू अनेक असतात : भीती कमी करणे, वेदना शमविणे, लाळ आटविणे, उलटी टाळणे आणि हृदयाची गती एकाएकी मंदावू न देणे. ईथरच्या काळात मॉर्फीन व अॅट्रोपीन यांचे इंजेक्शन जवळजवळ नियमाने देत. कारण ईथरने तोंडाला पाणी सुटे आणि अॅट्रोपीन ते थोपवी. आजच्या वायूंनी तेवढी लाळ सुटत नाही, म्हणून अॅट्रोपीनचा सरसकट वापर मागे पडला आहे. तथापि दुर्बिणीने नळी घालावयाची असेल, तर लाळेने काच धूसर होते. तेथे लाळ आटविणाऱ्या औषधाला अजूनही स्थान आहे. भीती घालविण्यासाठी १९६३ पासून डायझेपाम आणि पुढे मिडाझोलाम ही औषधे प्रचारात आली.

परंतु पूर्वौषधी ही सवयीने देण्याची वस्तू नव्हे. ज्याच्या जबड्याखाली व जिभेखाली सूज पसरत चालली आहे, ज्याच्या जबड्याचा सांधा जखडला आहे, किंवा जो झोपेत घोरता घोरता श्वास थांबून दचकून उठतो, अशा रुग्णाची श्वासाची वाट आधीच अरुंद असते. ती उघडी आहे ती केवळ त्याच्या जागेपणाच्या बळावर. त्याला रात्री निजताना गुंगीची गोळी दिली, तर ते बळच काढून घेतल्यासारखे होते. एका रुग्णाला जी गोळी दया वाटते, तीच दुसऱ्याला घातक होते. आणि हा भेद चिठ्ठीवरून कळत नाही, रुग्णापाशी जाऊनच कळतो.

या संदर्भात १९६३ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास उल्लेखनीय आहे. १८४६ साली ईथरचा प्रयोग जेथे झाला, त्याच बॉस्टनच्या रुग्णालयातील एग्बर्ट आणि त्याचे सहकारी यांनी काही रुग्णांना शस्त्रक्रियेपूर्वी पेंटोबार्बिटल हे झोपेचे औषध दिले, तर काहींची भूलतज्ज्ञाने आदल्या दिवशी भेट घेऊन उद्या काय होणार आहे ते समजावून सांगितले. औषध घेतलेले रुग्ण पेंगुळलेले दिसले, पण शांत झाले असे काही दिसून आले नाही. ज्यांची भेट झाली होती, ते मात्र अधिक शांत होते. त्याच गटाने १९६४ साली असेही दाखविले की, शस्त्रक्रियेनंतर वेदना का होतील आणि त्या वेळी काय करावे, हे ज्यांना आधी सांगितले होते, त्यांना वेदनाशामक औषध सुमारे निम्मेच लागले. धीर देणे हा केवळ शिष्टाचार नसून उपचार आहे, याला यापेक्षा वेगळा पुरावा तो कोणता हवा?

याच भेटीत भूलतज्ज्ञाने विचारावयाचे प्रश्न फार नाहीत. पूर्वी भूल घेतली होती काय, आणि तेव्हा काही त्रास झाला काय? घरात कोणाला भुलेत अपाय झाला होता काय? दमा, हृदयविकार, मधुमेह आहे काय? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे काय? दात हलतात काय, कवळी आहे काय? तंबाखू किती? आणि शेवटी, पोटात काय आहे? भुलेत पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात गेले, तर त्याचा परिणाम किती भयंकर होतो, हे न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेलसन याने १९४६ साली दाखवून दिले. म्हणून हलक्या जेवणानंतर किमान सहा तास, आईच्या दुधानंतर चार तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास जाऊ द्यावेत, असा सर्वसाधारण नियम आहे. गाईम्हशीचे दूध हे पाणी नव्हे, ते अन्न होय. शस्त्रक्रियेच्या दिवशी पहाटे लेकराची दया येऊन एखादी माउली त्याला चोरून पेलाभर दूध पाजते आणि विचारले असता काही दिले नाही म्हणून सांगते. ती माया त्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. उलट, मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत मुलाला पाण्याचा घोटही न देणे, ही जी जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते, तीही अनावश्यक व क्रूर आहे. नियम समजावून सांगितला, तर आया तो पाळतात. नुसता हुकूम सोडला, तर तो मोडला जातो.

जागेपणीची बधिरता

मुखशस्त्रक्रियेतील बहुतेक कामे पूर्ण भुलेवाचून होतात, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. व्हिएन्नाच्या कार्ल कोलर याने १८८४ साली कोकेनने डोळा बधिर करून दाखविला. त्यानंतर लवकरच अमेरिकेत विल्यम हॉलस्टेड याने खालच्या जबड्याकडे जाणारा मज्जातंतू कोकेनने बधिर केला. मात्र स्वतःवर प्रयोग करता करता तो त्या विषाच्या आहारी गेला. कोकेनच्या जागी प्रथम आइनहॉर्नचे प्रोकेन आणि पुढे स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन याने १९४३ साली तयार केलेले लिग्नोकेन आले, आणि दंतवैद्यकाचे स्वरूपच पालटले. वरच्या जबड्याचे हाड सच्छिद्र असल्याने दाताच्या मुळाशी टोचलेले औषध आत झिरपते. खालच्या जबड्याचे हाड घट्ट असल्याने मज्जातंतू हाडात शिरतो त्या जागीच औषध सोडावे लागते. पू झालेल्या जागी बधिरता नीट येत नाही, याचेही कारण ठाऊक आहे. तेथील ऊती आम्लधर्मी झालेल्या असतात आणि आम्लात या औषधाचा मज्जातंतूत शिरणारा अंश घटतो. म्हणून गळू झालेले असता थोडे दूर, मज्जातंतूच्या मुळाशी औषध देतात.

हा मार्ग सुरक्षित आहे. पण बेहिशेबी नव्हे. लिग्नोकेनची सावध मर्यादा वजनाच्या दर किलोग्रॅमला ४.४ मिलिग्रॅम धरली, तर १५ किलोग्रॅम वजनाच्या मुलाला ६६ मिलिग्रॅमपेक्षा अधिक देता येत नाही. दोन टक्क्यांच्या द्रावणात दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे त्या मुलाची मर्यादा ३.३ मिलिलिटर झाली. आणि ३० मिलिलिटरच्या एका कुपीत ६०० मिलिग्रॅम औषध असते! हा हिशेब पाचवीतील मुलालाही करता येईल. तो प्रत्येक वेळी करण्याची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

जागेपणा आणि भूल यांच्यामध्ये गुंगीची एक पायरी आहे. तेथे फसगत फार होते, म्हणून तिची एकच खूण लक्षात ठेवावी : रुग्ण हाकेला ओ देतो तोवर ती गुंगी, त्याने ओ देणे थांबविले की ती भूल, मग कागदावर काहीही लिहिलेले असो.

आक्षेप आणि उत्तरे

या मतावर काही आक्षेप घेतले जातात, आणि ते क्षुल्लक नाहीत. पहिला असा की, तालुक्याच्या गावी भूलतज्ज्ञ आणावा कोठून? तोवर रुग्णाने वेदना सोसावी काय? वेदना सोसावी असे कोणीच म्हणणार नाही. परंतु तज्ज्ञाची उणीव ही त्याच्यावाचून पूर्ण भूल देण्याची परवानगी होऊ शकत नाही. स्थानिक बधिरतेचे शिक्षण अधिक पक्के करावे, ती उत्तम रीतीने देता येणारी माणसे गावोगाव तयार करावीत, आणि ज्यांना पूर्ण भूल लागतेच, अशी अगदी लहान मुले, जबडा जखडलेले, मोठे अपघात झालेले रुग्ण यांना जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर पोहोचविण्याची सोय करावी. होडी लहान आणि नदीला पूर, अशा वेळी नावाड्यावाचून होडी सोडणे हा उपाय नव्हे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. स्वतंत्र माणूस आणि यंत्रसामग्री म्हणजे बिल वाढणार, हे खरे. परंतु जपानमधील ताकुओ आओयागी याने १९७४ साली शोधलेले, बोटाला लावताच रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सांगणारे साधन आज अगदी लहान दवाखान्यालाही परवडते. महाग आहे तो माणूस. आणि त्याच्या मोबदल्यात जे वाचते, त्याची किंमत बिलात मांडता येत नाही. सार्वजनिक रुग्णालयांत हा खर्च समाजाने उचलणे हेच न्याय्य होय.

तिसरा आक्षेप अनुभवाचा : वर्षानुवर्षे असेच चालले आहे, काही झाले नाही. हा युक्तिवाद सर्वांत फसवा आहे. जी आपत्ती हजारोंत एखाद्या वेळी येते, ती एका माणसाच्या अनुभवात दिसतच नाही; दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. विहिरीला कठडा बांधतात तो रोज कोणी पडते म्हणून नव्हे. ब्रिटनमध्ये दंतवैद्याच्या खुर्चीतच पूर्ण भूल देण्याची प्रथा दीर्घकाळ चालत आली होती. निरोगी मुले क्षुल्लक कामासाठी येऊन दगावल्याच्या घटनांनंतर २००० साली तेथील आरोग्य खात्याने त्या प्रथेचा पुनर्विचार केला, आणि २००१ अखेरपासून दातांसाठी द्यावयाची पूर्ण भूल अतिदक्षतेची सोय असलेल्या रुग्णालयांपुरतीच मर्यादित केली. ज्या देशात ही प्रथा इतकी रुजली होती, त्यानेच ती सोडली, यातील बोध उघड आहे.

शेवटचा पहारा

शस्त्र खाली ठेवले म्हणजे राखणदाराचे काम संपत नाही. रक्त शोषून घेण्यासाठी घशात ठेवलेली कापडाची घडी मोजून बाहेर निघाली आहे की नाही, हे मोठ्याने सांगून खात्री करावी लागते. ती विसरली तर श्वासाची वाटच बंद होते. रुग्णाला कुशीवर वळवून, तो डोळे उघडून उत्तर देईपर्यंत त्याच्यापाशी बसावे लागते. आणि ज्याचा जबडा तारेने बांधला आहे, त्याच्या उशाशी तार तोडण्याची कात्री टांगून ठेवावी लागते; कारण रात्री त्याला उलटी झाली, तर दार उघडण्याची किल्ली तीच. ती कात्री बहुधा कोणाच्या उपयोगास येत नाही, आणि घरी जाताना रुग्णाला तिची आठवणही राहत नाही. तरीही ती तेथे असावी लागते.

दाताच्या शस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्या रुग्णाने किंवा त्याच्या आईबापांनी एक प्रश्न विचारण्यास संकोच करू नये : तुम्ही काम करीत असताना श्वासाकडे कोण पाहणार आहे? या प्रश्नाचा राग कोणत्याही जाणत्या वैद्याला येणार नाही. आणि त्याचे उत्तर म्हणून जर एखाद्या माणसाकडे बोट दाखविता येत नसेल, तर रुग्णाला झोपविण्याचा विचार त्या दिवसापुरता तरी बाजूला ठेवावा, हेच शहाणपणाचे होय.